सीझर उसात शिरला त्या दिवशी

पट्टा माझ्या हातात राहिला आणि कुत्रा उसात गेला.

नारायणगावच्या अलीकडे हायवे सोडून आम्ही गाडी बाजूच्या कच्च्या रस्त्याला घेतली होती, सीझरला पाय मोकळे करता यावेत म्हणून. फिरोज थर्मासमधला चहा ओतत होता. सीझर एका बाभळीच्या बुंध्याशी हुंगत उभा होता. तेवढ्यात हायवेवर कुठल्याशा ट्रकचा टायर फुटला. आवाज असा की मी स्वतः मटकन खाली बसले. सीझरने मान खाली घातली, मागे सरकत एक हिसडा दिला आणि पट्टा त्याच्या कानांवरून सरळ निघून आला. रस्त्यापलीकडच्या उसात त्याची सोनेरी शेपटी एकदा दिसली. मग नुसती पानं हलली. मग पानंही हलायची थांबली.

"ताई, पळा!" फिरोज ओरडला. चहा त्याच्या पायावर सांडला होता, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

आम्ही दोघं उसात शिरलो. पाच-सहा सऱ्या ओलांडल्यावर मला माझाच हात नीट दिसेना. पानांच्या कडा गालाला चरचरत होत्या. "सीझर! सीझर!" आम्ही दोघं ओरडत होतो आणि प्रत्येक हाकेनंतर श्वास धरून ऐकत होतो. काहीच नव्हतं.

पुण्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. फिरोज इनामदार शाळेची व्हॅन चालवायचा, अजूनही चालवतो. आमची ओळख कुत्र्यांमुळे झाली. लोक हौसेनं गोल्डन रिट्रीव्हरचं गोंडस पिल्लू आणतात, ते वर्षभरात सोफ्याएवढं होतं, घरभर केस पडतात, उन्हाळ्यात त्याला धाप लागते, मग बदली होते किंवा बाळ होतं, आणि कुत्रा कुणालाच नको होतो. अशा कुत्र्यांना सांभाळून नवीन घर शोधून देणारा आमचा एक गट होता. कुणी चार दिवस घरी ठेवून घ्यायचं, एक डॉक्टर औषधं द्यायचे, कुणी नुसते फोन करायचे, आणि फिरोज शाळेला सुट्टी असली की व्हॅन काढायचा. त्या दिवशी आम्ही सीझरला नाशिकच्या एका कुटुंबाकडे पोचवायला निघालो होतो.

सकाळी त्याला घेतलं होतं सदाशिव पेठेतल्या सबनीसकाकूंकडून. वर्षापूर्वी त्यांचे यजमान गेले, नंतर काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. वॉकर घेऊन जेमतेम चालत होत्या आणि आता डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे कायमच्या जायच्या होत्या. बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा अभिजित कॅनडात. त्यानंच फोनवरून सगळं ठरवलं, कुत्र्याची माहिती दिली: नाव सीझर, वय पाच, स्वभाव गरीब.

काकू मात्र आमच्याशी धड बोलल्याही नाहीत. आम्ही गेलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही मोठ्यानं लावलेला. सीझर त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि मला फोन-बिन करू नका. पोचला, राहिला, काही कळवू नका."

"काकू, त्याच्या अंगावरून एकदा हात तरी..." मी म्हटलं.

"उशीर होईल तुम्हाला."

सीझर जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून वर बघत होता. फिरोजनं शेवटी त्याला उचलूनच गाडीत घातलं. "किती कोरडी बाई आहे हो," असं मी गाडी सुरू झाल्यावर म्हटलं, तेव्हा फिरोजनं आरशातून मागे सीझरकडे बघितलं.

उसातून बाहेर आलो तेव्हा बांधावर एक माणूस खांद्यावर फावडं टाकून उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काय हरवलं?"

"कुत्रा," मी म्हटलं. "मोठा आहे. सोनेरी, केसाळ."

"पाळलेला?"

"हो."

त्यानं फावडं खाली टेकलं. "मग अवघड आहे, ताई. गावठी असता तर त्याला वास कळला असता. तो उसात शिरलाच नसता."

"कसला वास?"

त्यानं आमच्याकडे नवख्या माणसांकडे बघावं तसं बघितलं. "बिबट्याचा. या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो. गेल्या साली माझी दोन वासरं नेली. कुत्री तर मोजायचीच नाहीत."

त्याचं नाव रामनाथ औटी. ऊस त्याचाच होता. मला वाटलं आता तो आम्हाला निघून जायला सांगेल. पण त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि कुणाकुणाला फोन लावले. थोड्या वेळात त्याच्या वस्तीवरची, बोरमळ्यातली माणसं जमू लागली. पलीकडच्या वावरात कांद्याची लागण चालली होती. तिथल्या बायका पदर खोचून आल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "नाव काय म्हनायचं?"

"सीझर."

"शिजर?"

"हो, तसंच."

मग त्या सगळ्या माळावरून "शिजर! ए शिजर!" अशा हाका उठायला लागल्या. मी आमच्या गटाला निरोप टाकला. मंचरचे जनावरांचे डॉक्टर कोल्हटकर दवाखाना बंद करून मोटारसायकलवर आले, त्यांच्यामागे त्यांचे दोन मित्र. कुणीतरी हायवेवरच्या ढाब्यावरून शिजवलेलं चिकन आणलं आणि उसाच्या कडेनं पानांवर थोडं थोडं ठेवलं. नाशिकच्या लतिका पगारेंना, ज्यांच्याकडे सीझर जायचा होता, त्यांनाही मी कळवलं. वाईट वाटत होतं, पण लपवणं शक्य नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी निघते."

"अहो, अजून सापडला नाही. सापडेल का तेही..."

"म्हणूनच निघते."

एकदा डॉक्टर ओरडले, "दिसला!" सगळे तिकडे धावले. खरंच, दोन उसांच्या मधल्या पाटात सीझर उभा होता. पोट चिखलानं माखलेलं, जीभ बाहेर. पण पंधरा-वीस माणसं एकदम नाव घेत धावत येताना पाहून तो घाबरला आणि पलीकडच्या उसात घुसला. मला रडूच आलं. जितकी जास्त माणसं मदतीला, तितका तो लांब जात होता.

ऊन उतरलं. पौषातला दिवस, मावळायला वेळ लागत नाही. औटी पाटाच्या कडेनं वाकून चालत होते. एका ठिकाणी थांबले आणि मला बोलावलं. ओल्या मातीत एक ठसा होता, माझ्या तळहाताएवढा, गोल. नखांच्या खुणा नव्हत्या.

"सीझरचा आहे?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

औटींनी नाही म्हणून मान हलवली. मग ते सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "चला रे, सगळे बाहेर! उसात कुणी थांबायचं नाही!"

"औटीदादा, थोडा वेळ," मी म्हटलं. "अजून उजेड आहे. आत्ता सोडलं तर तो रात्रभर..."

"ताई, उसात माझ्या घरातली माणसं हायेत."

"मी जाते. मी एकटी जाते."

"तुम्हाला काय झालं तर तुमच्या माणसांना मी काय तोंड दाखवू?" त्यांचा आवाज चढला नाही, पण बदलला. "मलाबी वाईट वाटतंय. पण कुत्र्यापायी माणूस घालायचा नाही. या वेळेला आम्ही बांधावर फटाके लावतो, रोजचं आहे, बिबट्या वस्तीकडे येऊ नये म्हणून."

"फटाके लावले तर सीझर कधीच बाहेर येणार नाही."

"माहितीये मला. म्हणून तर अजून लावले नाहीत."

त्यांचं खरं होतं. माणसं एकेक करून उसातून बाहेर आली आणि बांधावर उभी राहिली. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूला मोर ओरडले, एक, मग दोन-तीन एकदम. तिथल्या बायकांना त्याचा अर्थ ठाऊक होता, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून तो मलाही कळला: बिबट्या निघाला होता.

फिरोज बांधावर उकिडवा बसला होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या मोहल्ल्यात पोरगं हरवलं ना, तर मशिदीच्या भोंग्यावरून पुकारतात."

"आमच्यातबी मारुतीच्या देवळातनं पुकारत्यात," औटी म्हणाले. "भोंगा हाय की. देऊळ ते काय, पलीकडेच. माणूस आत जाऊ नये, आवाज जाईना का." मग थांबून म्हणाले, "पण पुकारायचं कुणी? तुमच्या आवाजाला यायचा असता तर एव्हाना आला असता. तुम्ही त्याच्या कोण?"

मी त्याची कुणीच नव्हते. सकाळी त्याला घरातून ओढून आणलेली बाई, एवढीच माझी त्याला ओळख.

मी सबनीसकाकूंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. मला वाटलं, उचलणारच नाहीत.

"हॅलो."

"काकू, मी वृंदा. सकाळी आलेली. तुम्ही फोन करू नका म्हणाला होता, पण..."

मी सगळं सांगितलं. टायर, ऊस, बिबट्या, मावळणारा दिवस, देवळाचा भोंगा. मध्येच मला शंका आली की त्यांनी फोन ठेवला.

"काकू, ऐकताय ना?"

"काय म्हणून हाक मारताय त्याला?"

"सीझर."

"सीझर!" त्या अशा काही चिडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "ते नाव अभिजितनं ठेवलं. पिल्लू आणलं, नाव ठेवलं आणि दोन महिन्यांत विमानात बसला. या घरात त्याला सीझर कोण म्हणतं? तुम्हाला सांगणार तरी कोण होतं म्हणा. मीच बोलले नाही." त्यांचा श्वास ऐकू आला. "भोंगा आहे म्हणालात ना? मला द्या त्यावर."

औटींनी देवळात फोन करून कळवलं आणि मोटारसायकलला किक मारली. मी मागे बसले, फोन छातीशी धरून. बाकीचे मागोमाग पायी निघाले. देवळातल्या गुरवकाकांनी तोवर आतलं यंत्र सुरू केलं होतं. मी फोनचा स्पीकर लावला आणि तो माईकजवळ नेला. भोंग्यातून एक कर्कश शिट्टी निघाली. गुरवकाकांनी माझा हात जरा मागे ओढला आणि शिट्टी थांबली.

"बोला, काकू."

"हॅलो, हॅलो. मी कमलिनी सबनीस बोलते आहे. पुण्याहून."

साऱ्या माळावर तो आवाज पसरला. स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. काकूंनी उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढला होता हे मला नंतर कळलं. मागून येऊन पोचलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मग आवाज थांबला. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. देवळाच्या पायरीवरून मला उसाचे शेंडे दिसत होते, त्यावरचा उजेड विटकरी होत चालला होता.

"पेढ्या," काकू म्हणाल्या.

आवाज तोच, पण आता तो कुणा वेगळ्याच बाईचा वाटला.

"पेढ्या, कुठे आहेस रे? संध्याकाळ झाली. दिवेलागणीला बाहेर राहायचं नाही, माहितीये ना तुला? ये बरं. ये, माझ्या राजा."

काही नाही.

"रुसलास? रुसायचाच तू. मी सकाळी तुझ्याकडे बघितलं नाही ना? अरे, बघितलं असतं तर तू गेला असतास का? आणि तू उंबऱ्यात बसला असतास तर मी तरी तुला जा म्हटलं असतं का? म्हणून भिंतीकडे बघत बसले. तो टीव्ही मुद्दाम लावला होता, तुझी नखं वाजलेली ऐकू येऊ नयेत म्हणून. मी रागावले नव्हते रे तुझ्यावर. तुझी काही चूक नाही. माझाच पाय चालत नाही आता, तुला फिरायला कोण नेणार? त्या बहिणीच्या खुराड्यात तू काय करणार होतास? तिकडे बाग आहे म्हणतात. चांगली माणसं आहेत. तू ये आधी. पेढ्या... पेढोबा... ये."

आता कुणी हसत नव्हतं. कांद्याच्या वावरातली ती बाई पदर तोंडाला लावून उभी होती. गुरवकाका खाली बघत होते.

काकू बोलत राहिल्या. गल्लीतल्या मांजराचं काहीतरी सांगितलं. खालच्या वाण्यानं त्याची चौकशी केली म्हणाल्या. सबनीसकाका गेले तेव्हा तो रात्रभर त्यांच्या चपलांवर डोकं ठेवून पडला होता, तेही बोलल्या, कुणाला सांगावं म्हणून नाही, त्याच्याशी बोलत होत्या म्हणून. एवढं सगळं ऐकणारं गाव तिथे आहे हे त्या विसरून गेल्या होत्या.

फिरोजनं माझ्या दंडाला हात लावला. मग नुसती हनुवटी पुढे केली.

पेढ्या ओढ्याकडून आला. आम्ही ज्या उसाकडे डोळे लावून बसलो होतो तिथून नाही, पार दुसऱ्या बाजूनं, देवळामागच्या पायवाटेनं. डोक्यापासून शेपटीपर्यंत चिखल, कानांना कुसळं चिकटलेली. तो धावत नव्हता. कान टवकारून, एकेक पाऊल टाकत येत होता. माणसांच्या मधून गेला, माझ्यासमोरून गेला, पण कुणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ज्या खांबावर भोंगा बांधला होता त्याच्या बुंध्याशी जाऊन बसला आणि मान वर करून भोंग्याकडे बघू लागला.

कुणी हललं नाही. डॉक्टरांनी एक बोट ओठांवर ठेवलं. औटी आपल्या डोक्याचा टॉवेल सोडत, जनावरांपाशी जातात तसे तिरके तिरके पुढे गेले, बाजूला बसले, आणि टॉवेलाचा फास अलगद त्याच्या गळ्यात सरकवला. पेढ्यानं विरोध केला नाही. त्याची शेपटी धुळीत हळूहळू आपटत होती.

"काकू," मी म्हटलं, "आला. आला तो. धरलाय."

भोंगा बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे काकूंनी सोडलेला तो लांब श्वास अख्ख्या बोरमळ्यानं ऐकला. मग त्यांचं रडणंही ऐकलं. ते ऐकून पेढ्या उठून उभा राहिला आणि भोंग्याकडे तोंड करून एकदाच भुंकला. काकू रडता रडता हसल्या. "हो रे हो. कळलं. आता गप." तेव्हा कुठे गुरवकाकांनी बटण दाबलं.

औटींच्या ओसरीवर त्यांच्या सुनेनं गरम पाण्यानं त्याचे पाय धुतले. डॉक्टरांनी त्याला तपासलं. पंजाला काच लागली होती, एवढंच. फिरोज भिंतीला टेकून बसला आणि पोळलेल्या पायाला आता कुठे खोबरेल लावू लागला. चहा आला, मग पुन्हा चहा आला. पेढ्या आत सुखरूप पडलाय आणि दार लागलंय याची खात्री करून मगच औटींनी पोरांना बांधावर फटाके लावायला सांगितलं. पहिल्या आवाजाला तो दचकला, तशी सुनेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सगळे एकदम मोठमोठ्यानं बोलत होते. ज्याला त्याला आपण कुठे उभे होतो आणि काय दिसलं ते सांगायचं होतं.

त्या गडबडीत लतिका पगारे येऊन पोचल्या. नवऱ्याला घेऊन, नाशिकहून थेट. पुढे पेढ्या त्यांच्याच घरी म्हातारा झाला, आणि काकू डोंबिवलीहून दोनदा त्याच्याकडे राहायला जाऊन आल्या. पण त्या दिवशी मी लतिकांना प्रथमच समोर बघत होते. तिशीतली बाई, सरकारी इस्पितळात नर्स, कपड्यांवरून वाटत होतं की ड्यूटीवरूनच निघाल्यात. सगळी हकिगत ऐकल्यावरही त्यांनी पेढ्याला हात लावायची घाई केली नाही. त्याच्यापासून जरा अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि मला म्हणाल्या, "काकूंना फोन लावून देता?"

मी लावून दिला.

"नमस्कार. मी लतिका. याला घेऊन जाणार ती मीच," त्या म्हणाल्या. "तुमची परवानगी असेल तर."

"परवानगी काय मागता? आधीच दिलेला आहे," काकूंचा आवाज घोगरा झाला होता.

"आधी सीझर दिला होता. हा पेढ्या आहे. मला त्याचं काहीच माहीत नाही. झोपतो कुठे, कशाला घाबरतो, काय आवडतं. तुम्ही सांगितलंत तरच कळेल."

मग काकूंनी सुरुवात केली. झोपतो पलंगाखाली, पण डोकं बाहेर हवं. पंखा लावल्याशिवाय दुपारी पडत नाही. वीज कडाडली की मोरीत जाऊन बसतो, तेव्हा ओढून काढायचं नाही, आपणच मोरीच्या दाराशी जाऊन बसायचं. लतिका "हं, हं" करत ऐकत होत्या, मधूनच काही विचारत होत्या, आणि पेढ्या फोनमधून येणाऱ्या आवाजाच्या दिशेनं सरकत सरकत त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला होता.

"विजेच्या वेळी बसाल ना जवळ?" काकूंनी विचारलं.

"बसेन."

"कितीही काम असलं तरी?"

"बसेन, आई."

पेढ्यानं हनुवटी लतिकांच्या गुडघ्यावर टेकवली. त्यांनी ते काकूंना सांगितलं.

"बरं," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, अगदी रोजच्यासारख्या आवाजात, "मग आता फोन ठेवते मी. भूक लागलीय मला."